शंभर टक्के वाचून झालेलं ग्रंथालय

कोथरूडच्या एका शाळेत दर महिन्याच्या एक तारखेला ग्रंथपाल कल्याणी आगाशे शिक्षकांसाठी शिफारसपत्रक काढत. त्यात एक पुस्तक सुचवलेलं असे आणि एक नवं तंत्रज्ञान. अठरा वर्षं शिक्षकांनी या पत्रकाचा भरपूर उपयोग केला. डब्याखाली अंथरायला ते अगदी मापाचं होतं.

यंदा जूनमध्ये मात्र बाईंना दुर्बुद्धी सुचली. प्रत्येक पुस्तकाच्या कव्हरवर त्यांनी एक क्यूआर कोड चिकटवला आणि पत्रकात लिहिलं, ‘पुस्तक वाचून झाल्यावर कोड स्कॅन करावा. आपल्या नावावर नोंद होईल.’ संगणक शिकवणाऱ्या आमोद सरांनी ती नोंद मुख्याध्यापक श्यामसुंदर गोळे यांच्या फोनवर दिसेल अशी सोय करून दिली. गोळे सरांनी दुसऱ्याच दिवशी परिपत्रक काढलं: गोपनीय अहवालात वाचनाला दहा गुण.

मग शिक्षक वाचू लागले. गणिताच्या वल्लरीबाई मधल्या सुट्टीत एक कपाट वाचून काढत. पीटीच्या सरांनी एका तासात कवितासंग्रहांचे तीन खण संपवले आणि कंबरेत उसण भरली म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

“अहो, निदान उघडून तरी बघा,” बाई म्हणाल्या.

“कोड बाहेरच आहे ना?” वल्लरीबाई म्हणाल्या. “मग आत कशाला जायचं?”

पुढे आमोद सरांनी सगळ्या कोडांची एक फाइलच स्टाफच्या ग्रुपवर टाकली, त्यामुळे ग्रंथालयाचा जिना चढायचीही गरज उरली नाही. गणपतीच्या सुट्टीपर्यंत चव्वेचाळीस शिक्षकांनी प्रत्येकी आठ हजार चारशे पुस्तकं वाचून संपवली. यादीत तळाला एकच नाव होतं. कल्याणी आगाशे, पुस्तकं तीन. ‘वाचनात रुची घेत नाहीत’ असा शेरा मारून बाईंकडून लेखी खुलासा मागवण्यात आला.

खुलासा घेऊन त्या केबिनमध्ये गेल्या, तेव्हा गोळे सर प्रसन्न होते.

“अभिनंदन, बाई. आपलं ग्रंथालय शंभर टक्के वाचून झालं. आता त्या खोलीत स्मार्ट क्लास करू. पुस्तकं शनिवारी रद्दीत.”

“सर, कुणी एक ओळ वाचलेली नाही!”

“पुरावा?”

“कुठल्याही पुस्तकातलं काहीही विचारा त्यांना.”

“विचारायचं तर मला आधी ते वाचायला हवं,” गोळे सर शांतपणे म्हणाले. “आणि माझं सगळं वाचून झालंय. तेच तेच परत वाचायला वेळ कुठाय, बाई?”

त्यातल्या बहुतेक पुस्तकांना बाईंनी स्वतःच्या हातानं कव्हरं घातली होती. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘शनिवारी सकाळी नऊला या. प्रत्येकानं न्यायची तेवढी पुस्तकं घरी न्या, पण ती वाचवा.’

सहाशे बारा जणांनी उत्तरं दिली. ‘बाई, वाचनाची गोडी तुम्हीच लावलीत.’ ‘डोळ्यांत पाणी आलं.’ ‘नक्की येतो.’ बाणेरपासून बोस्टनपर्यंत सगळ्यांनी हात जोडले होते. बाई हरखल्या. शनिवारी त्यांनी कोपऱ्यावरच्या टपरीत शंभर चहा सांगून ठेवले आणि आठ वाजताच कपाटं उघडली.

नऊला टेम्पो आला. तो रद्दीवाल्याचा होता. हमाल एकेक खण रिकामा करत होते आणि बाईंचा फोन वाजत होता. कुणाला पार्किंग मिळत नव्हतं, कुणाच्या मुलाचा क्लास होता, कुणी पुढच्या वेळी नक्की येणार होतं. साडेअकराला बाईंनी रिकाम्या खोलीला कुलूप लावलं.

वाचकहो, तुमचाही निरोप त्यांनी वाचला. सगळ्यांत लांबलचक तोच होता, आणि फार सुंदर लिहिला होता तुम्ही. तुमच्या वाटणीचा चहा मात्र त्यांनी हमालांना देऊन टाकला.