बाद मतं आठ

मतदाराने मत द्यावं आणि ते आपण दिलं याचा पुरावा कुठेही ठेवू नये, या दोन पायांवर लोकशाही उभी आहे. कळंबच्या पलीकडे शेवरवाडी आहे. तिथे सत्त्याण्णव सालच्या ग्रामपंचायत निवडणुकीत आठ मतदारांनी यातला दुसरा पाय ओढला. आठही जण नव्याने साक्षर झालेले होते. हे ध्यानात घेऊन कायद्याने त्यांच्यावर काही कारवाई केली नाही, फक्त त्यांची मतं बाजूला काढली. कायदा मनाने मोठा असतो.

या आठांत खुद्द उमेदवार भागुजी होते. वय बासष्ट. साठ वर्षं अंगठ्यावर काढल्यावर ते भावाच्या नातीच्या, प्रज्ञाच्या, साक्षरता वर्गात बसले. वर्ग समाजमंदिराच्या खोलीत भरायचा. दोन वर्षांत आठ म्हातारी माणसं नाव लिहायला, पत्र लिहायला आणि एसटीची पाटी वाचायला शिकली. (पाटी वाचता आल्यामुळे गाडी लवकर आली, असं मात्र झालं नाही.) मग वॉर्डाचे मेंबर सावळेराम यांनी त्या खोलीत आपला कांदा भरला. कांद्याला कोरडी जागा लागते, अक्षरं कुठेही टिकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. वर्ग ओट्यावर आला आणि पावसाळ्यात ओट्यावरूनही उठला.

म्हणून भागुजी उभे राहिले. चिन्ह कपबशी. जाहीरनामा एका ओळीचा होता आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीवर लिहिला होता: ‘कांदा भाईर, पाटी आत.’

मतदानाच्या दिवशी शाळेत पहिल्या टेबलावर अधिकाऱ्याने मान वर न करता विचारलं, “सही की अंगठा?”

“सही,” भागुजी म्हणाले आणि खिशातून स्वतःचं पेन काढलं. नाव पुरं होईपर्यंत मागची रांग लिंबापर्यंत गेली. अधिकाऱ्याने अंगठ्याचं पॅड बाजूला सारलं आणि म्हणाला, “वा बाबा, शाब्बास!” सरकारने भागुजींना शाब्बास म्हणण्याची ही पहिलीच वेळ. ते मतपत्रिका घेऊन आडोशाला गेले, तर तिथे पुन्हा एक पॅड आणि शेजारी फुलीचा शिक्का.

यापुढचा विचार त्यांनी अगदी सरळ केला. बाहेरचं पॅड अडाण्यांसाठी होतं, तेव्हा आतलंही त्यांच्यासाठीच असणार. आणि पुन्हा पॅडला हात लावायचा नाही, ही तर वर्गाची पहिल्या दिवशीची शपथ. त्यांनी कपबशीच्या शेजारी वळणदार सही केली, घडी घालून पेटीत टाकली आणि बाहेर रांगेतल्या सोबत्यांना सांगितलं, “आत बी पॅड ठिवलंय रं. आपुन न्हाई हात लावायचा.” (हा प्रचार नव्हता, अभ्यास होता.)

मतमोजणी घोडेगावला झाली. निकाल असा: एकूण मतदार एकशे त्रेचाळीस. झालेलं मतदान एकशे एकतीस. सावळेराम चौसष्ट, भागुजी एकोणसाठ, बाद आठ.

“बाद का म्हून?” भागुजींनी विचारलं.

अधिकाऱ्याने आठही पत्रिका टेबलावर मांडल्या. भागुजींनी त्या घडाघडा वाचल्या. सरकारी कचेरीत त्यांनी उभ्याने वाचन केलं ते हे पहिलंच. गाद्या भरणाऱ्या महंमद हनीफनी नावाखाली मुक्काम, पोस्ट आणि तालुका घातला होता. पत्रलेखनाचा धडा पक्का असल्यामुळे सोनीबाईंनी वर ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’ आणि खाली ‘आपली विश्वासू’ असं लिहिलं होतं. अक्षर आठांचंही सुवाच्य होतं.

“बाबा, नावं मोठ्याने वाचू नका,” अधिकारी दबक्या आवाजात म्हणाला. “मतदान गुप्त असतं. कोणी मत दिलं ते ओळखू आलं की ते बाद.”

“पर सायेब, ह्यांनी मलाच दिलंय, ते दिसतंय की.”

“दिसतंय म्हणूनच.”

सावळेरामांनी गुलाल उधळला आणि मोठ्या मनाने आठही जणांना लावला.

घरी भागुजींच्या पत्नी पारूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्या वर्गाला कधी गेल्या नव्हत्या. “मी आपली अडाणी,” त्या म्हणाल्या. “शिक्का हाणला अन् आले. माझं मत मोजलं का न्हाई?”

“मोजलं.”

“अन् तुमचं?”

उत्तर ओट्यावर बसलेल्या हनीफनी दिलं, “वैनी, तुमच्या मालकाचं अक्षर लई झ्याक आलं व्हतं. सायबानं येगळं काढून ठिवलं.”

दुसऱ्या दिवसापासून सांत्वनाला माणसं येऊ लागली. प्रत्येक जण चहाची बशी खाली ठेवताना आवाज खाली आणून सांगे, “भाऊ, आपलं मत कपबशीलाच व्हतं बरं का.” आठवडाभरात असं सांगणारे सत्त्याण्णव भरले. त्यांत मतदानादिवशी लग्नासाठी मढ गावाला गेलेले चौघे होते. सावळेरामांचे सख्खे मेव्हणेही होते. ते दोनदा येऊन गेले.

एकोणसाठांचे सत्त्याण्णव कसे झाले, याची कोणालाही काळजी वाटली असती. भागुजींना आशा वाटली. एवढी माणसं कागदावर सांगतील तर फेरमोजणीचा अर्ज करता येईल, खोली परत मिळेल. त्यांनी वही घेतली, वर ‘आम्ही कपबशीला मत दिले’ असं लिहिलं आणि घरोघर फिरले.

“सही कर की इथं.”

“मी दिलंय, आईच्यान!” मेव्हणे म्हणाले. “पर सही कशाला, राव? मतदान गुप्त आस्तंय.”

बाकीच्यांचंही तेच मत पडलं. गावात कायद्याचं ज्ञान इतकं खोलवर पोचलं असेल, याची तोवर कोणाला कल्पना नव्हती. आठ दिवस फिरून वहीत सह्या आठच झाल्या. अक्षरं तीच. हनीफनी याही वेळी पोस्ट आणि तालुका घातला.

नव्या पंचायतीच्या पहिल्याच बैठकीत ठराव क्रमांक एक मंजूर झाला. ‘वॉर्डातील प्रौढ व्यक्ती साक्षर असल्याचे नुकत्याच झालेल्या निवडणुकीत लेखी स्वरूपात सिद्ध झाले असल्याने साक्षरता वर्गाची गरज उरलेली नाही. सबब समाजमंदिराची खोली साठवणुकीसाठी कायम ठेवण्यात येत आहे.’ सूचक, श्री. सावळेराम. (सूचकाच्या नावापुढे अंगठा आहे.)

ठरावाची नक्कल पंचायतीच्या फळ्यावर लावली होती. भागुजींनी ती उभं राहून शेवटपर्यंत वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि शेजारी उभ्या पारूबाईंनाही वाचून दाखवली.

“चुका न्हाईत ना काही?” पारूबाईंनी विचारलं.

“न्हाई,” भागुजी म्हणाले. “शुद्ध लिव्हलंय.”

ती वही अजून त्यांच्याकडे आहे आणि तिच्यात पुष्कळ कोरी पानं आहेत. ही हकीकत वाचून ज्यांना वाटलं असेल की आपण तिथे असतो तर मत भागुजींनाच दिलं असतं, त्यांनी शेवरवाडीला जाऊन तिच्यात पूर्ण नाव, गाव लिहून सही करावी. भागुजी चहा पाजतील.

कोणी जाणार नाही, हे ठाऊक आहे. आपण सगळी वैध माणसं.