अन्यायाचं जतन

बाबा गेले. त्यांना आईशेजारी पुरायचं, एवढंच काम उरलं होतं.

आई गोरी, बाबा काळे. दफनभूमीच्या मधोमध भिंत होती. गोरे अलीकडे, काळे पलीकडे. आई अलीकडे होती. पण आता काळजीचं कारण नव्हतं. नगरपालिकेनं मानवी हक्कांना स्मरून हा भेद रद्द केला होता आणि उभं राहून माफीही मागितली होती.

नगरपालिकेच्या समता अधिकाऱ्यांनी मला पाणी दिलं. "ताई, तुमचा हक्क निर्विवाद आहे. फक्त बजावता येणार नाही."

"का?"

"ती भिंत आता अन्यायाचं स्मारक आहे. आहे तशी जपायची, असं ठरलंय. तुमचे वडील अलीकडे आले, तर ती कशासाठी होती हे लोकांना कळणार कसं?"

"मग पाडा ती."

"पुरावा नष्ट करू?" ते दुखावले. "अहो, अन्याय करणाऱ्यांना तेच हवंय!"

"ते कुठे आहेत?"

"अलीकडे. शांतपणे झोपलेत."

आईचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे मामा, स्मारक समितीवर होते आणि अधिकाऱ्यांच्या शेजारीच बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी घसा खाकरला.

"अगं, दाजी हट्टी नव्हतेच कधी. लग्नातसुद्धा मागच्या दारानं आले बिचारे. चकार शब्द काढला नाही."

"पुढचं दार तुम्हीच लावलं होतंत, मामा."

"तेच सांगतोय! त्यांनी कधी मनात ठेवलं नाही."

"मग आईला पलीकडे हलवा."

अधिकारी दचकले. "गोरी बाई पलीकडे? इतिहासाचा विपर्यास होईल!"

अखेर माणुसकीच्या दृष्टिकोनातून बाबांना पलीकडेच, पण भिंतीला अगदी खेटून जागा मिळाली. वर पाटी लागली: 'अन्यायाचे शेवटचे बळी'.

"शेवटचे कसे?" मी विचारलं. "मी आहे ना अजून."

"तुमची जागा राखून ठेवलीय," अधिकारी आपुलकीनं म्हणाले.

आता लोक स्मारक पाहायला येतात. भिंतीवर हात ठेवतात, डोळे पुसतात. बाबांच्या कबरीवरची माती अजून नीट बसलेलीही नाही. तिच्याशेजारी उभे राहून मला हळूच विचारतात, "त्या काळी लोक गप्प कसे बसले हो?"

कबर खणणाऱ्याची कुदळ तिथेच टेकवलेली असते. मी ती उचलून पुढे करते. आतापर्यंत सगळ्यांनी तिचा फोटो काढलाय.

तुम्ही कधी येताय?