वारलूच्या दारासाठी अकरा पानं

दोन वर्षांपूर्वी वारलूचं कार्ड आलं, आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही. बल्लारपुरात कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. 'गुरुजींना नमस्कार. दाराचं काय झालं? झालं असल्यास गावी परत येतो. रुखमा रोज विचारते.' बस, एवढंच! पण उत्तराला बसलो की माझा टाक वाळून जायचा.

त्याचं असं झालं. चोपन्न सालच्या पौषात बिबट्याने वारलूच्या अंगणातून तीन शेळ्या नेल्या. चौथ्या खेपेला तो दाराशीच येऊन बसला. दार कसलं, बांबूची तट्टी! माझ्या धोतराहून थोडी जाड, इतकंच! वारलूच्या स्वतःच्या बांधावर साग उभा होता. पण साग तोडायचा तर जंगल खात्याची परवानगी हवी. म्हणून नवराबायको माझ्याकडे अर्ज लिहवायला आले.

"गुरुजी, दोन वळी लिवा," वारलू म्हणाला. "बिबट येते, दार पायजे, एक झाड द्या. झालं!"

"द्या? झाड तुझं, बांध तुझा, आणि 'द्या' म्हणतोस?"

मी कुरखेड्याचा निवृत्त शिक्षक. जन्मभर कुणाशी मान वर करून बोललो नाही. पण व्यक्तीचं स्वातंत्र्य आणि सरकारच्या अधिकाराची हद्द यांवर बरंच वाचलं होतं, आणि मनातल्या मनात भल्याभल्या अधिकाऱ्यांना गप्प केलं होतं!

"वारलू, असा अर्ज लिहितो की साहेब खुर्चीतून उठून तुझ्या बांधावर येईल!"

"मले साहेब नाई पायजे गुरुजी. दार पायजे."

"तुला नाही कळायचं ते."

"बिबट्याले वाचता येत नाई," रुखमाबाई म्हणाली. "जरा लवकर करा."

अर्ज अकरा पानांचा झाला! 'स्वतःच्या शेतातलं झाड ज्याला विचारून तोडावं लागतं, तो कसला स्वतंत्र? आज झाडाचं विचारता, उद्या घरातल्या खाटेचं आणि उखळाचंही विचाराल काय?' असा जळजळीत सवाल मी सातव्या पानावर केला होता. वारलूने मुकाट्याने अंगठा दिला.

आणि महिन्याभराने साहेब खरोखरच आला! सोबत दोन नाकेदार, म्हणजे जंगलाचे पहारेकरी.

"खाटांचं आणि उखळांचं विचारायचं आमच्या ध्यानातच आलं नव्हतं," साहेब म्हणाला. "अर्जामुळे आलं!"

मग घराघरांतून लाकूड आणि लाकडाचा पास, म्हणजे खात्याचा परवाना, यांची चौकशी सुरू झाली. गावात पळापळ! लोकांनी खाटा उचलून तळ्यात लोटल्या. मुखरूभाऊ दुपारचे झोपले होते, त्यांना उठवायला वेळ नव्हता, म्हणून खाटेसकट नेलं! गुणाबाई उखळावर ठाण मांडून बसली.

"हे माह्या सासूचं हाय! तिलेच पुसा!"

"सासू कुठी हाय?" नाकेदाराने विचारलं.

"वर गेली! जा!"

मग ते माझ्याकडे आले. पुस्तकांचं कपाट सागाचं. "पास?"

अकराच्या अकरा पानं मला तोंडपाठ होती. मी घसा खाकरला. छाती फुगवली.

"चहा घेणार का?" मी म्हणालो.

कपाट गेलं. पुस्तकं जमिनीवर आली, वाळवीची सोय झाली. आणि वारलूच्या सागावर हातोड्याचा शिक्का बसला: चौकशी पुरी होईपर्यंत झाडाला हात लावायचा नाही!

जाता जाता म्हातारा नाकेदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "गुरुजी, दोन वळीचा अर्ज असता ना, तर साहेबानं उभ्या उभ्या सही केली असती. दारासाठी असे अर्ज रोजच येतात."

आठ दिवसांनी तट्टी फाटली. शेवटची शेळी गेली. वारलू आणि रुखमाबाईने बोचकं बांधलं आणि बल्लारपूरला बांबू उचलायच्या कामावर निघून गेली. जाताना घराला कुलूप लावलं नाही. लावायला दार नव्हतं.

माझं मत आजही तेच आहे. आपल्या बांधावरच्या झाडासाठी माणसाला हात जोडावे लागू नयेत. पण वारलूला काय हवं, हे खात्याने विचारलं नाही, तसं मीही ऐकून घेतलं नाही. त्याच्या भल्याचं आम्ही दोघांनी परस्पर ठरवलं. फरक एवढाच, की माझं अक्षर चांगलं होतं.

परवा वारलूच्या अर्जावर खात्याचा कागद माझ्याकडे आला. चौकशी बंद, हवं असल्यास नव्याने अर्ज करावा.

मी लगेच वारलूला पत्र लिहायला बसलो. सवयीने तिसऱ्या पानावर पोचलो, सरकारची हद्द तर अजून दिसतही नव्हती! फाडलं. एक कार्ड घेतलं.

'वारलू, दार झालं नाही. चूक माझी. पुन्हा अर्ज करता येईल. त्यात काय लिहायचं ते तू सांग. तेवढंच लिहीन.'

पोस्टातला पत्रू प्रत्येक कार्ड शिक्क्याआधी वाचतो. हेही त्याने वाचलं, उलटून पाहिलं, पुन्हा वाचलं.

"गुरुजी, अर्धं कार्ड कोरंच राह्यलं की! तुमच्यासारख्या माणसानं काई तरी लिवा ना!"

बोटं शिवशिवत होती, खोटं कशाला सांगू! मी कार्ड त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि बाहेर येऊन घाईघाईने पेटीत टाकलं.