उद्धवरावांनी कॉम्प्युटर साफ केला

"कॉम्प्युटरमधला किडा पकडायला काय इंजिनिअर लागतो होय!" उद्धवरावांनी लेकीला ठणकावलं.

आकुर्डीच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच. 'आज तुमची वीज कापली जाईल' असा मेसेज आला की घाबरून लिंक दाबायची त्यांना भारी खोड! म्हणून वर्षालीनं पिंपळे सौदागरहून येऊन अँटिव्हायरस टाकून दिला.

"बाबा, संशय आला की हा ती फाइल बाजूला काढून ठेवतो. मी येऊन बघेन. तोवर हात लावू नका."

हात लावू नका? कुणाला सांगतेस! उद्धवरावांची हयात महाळुंग्याच्या कारखान्यात सुटे भाग तपासण्यात गेलेली. नापास माल लाल पेटीत पडायचा. तो कुणी गुपचूप चांगल्या मालात मिसळू नये म्हणून उद्धवराव प्रत्येक तुकड्यावर स्वतः हातोडा घालायचे. साहेबसुद्धा टरकून असत!

दुसऱ्याच दिवशी अँटिव्हायरसनं एक फाइल पकडली. कायमची पुसून टाकायची का, त्यानं विचारलं.

"हाण!"

नक्की का, त्यानं पुन्हा विचारलं.

"कामावर नवीन दिसतोस!" म्हणत उद्धवरावांनी बटण दाबलं आणि ऐटीत चहा टाकला.

चहाबरोबर ते रोज कॉम्प्युटरवर बायकोचा, सुमनताईंचा आवाज लावत. त्या जाऊन वर्ष होत आलं होतं. लेकीसाठी त्यांनी काळ्या मसाल्याची कृती बोलून ठेवली होती. आज काही केल्या आवाज लागेना. उद्धवरावांनी घाबरून वर्षालीला फोन लावला.

"बाबा, आईनं कुठल्यातरी फुकटच्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड केलं होतं ना, त्या फाइलचाच संशय आला असणार. बाजूला ठेवलं असेल, परत आणता येतं."

उद्धवरावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"बाबा? काढून टाकलंत?"

"हातोडा घातला गं."

दुसरी कॉपी कुणाकडेच नव्हती.

"राहू द्या बाबा," वर्षाली म्हणाली. "मसाल्याचं प्रमाण मला पाठ आहे."

"मला कुठं मसाला कुटायचाय? मध्येच ती माझ्यावर खेकसायची, 'अहो, तो मिक्सर बंद करा, रेकॉर्डिंग चाललंय!' तेवढं ऐकायला लावायचो गं."

आणि साहेबांना टरकवणारा तो माणूस लहान पोरासारखा रडला.

फोन ठेवला तर पडद्यावर अँटिव्हायरसचा नवीनच प्रश्न! आमचं काम कसं वाटलं? पाचपैकी किती तारे द्याल?

उद्धवरावांचं टाळकं सणकलं. एकही देऊ नये! पण नोकरीत त्यांनी कधी खोटा शेरा मारला नव्हता, आणि त्या बिचाऱ्यानं तर पुन्हा पुन्हा विचारलं होतं.

डोळे पुसत त्यांनी पाचही तारे दिले.