आधी संमती दाखवा

आमच्या कॉलनीतली दोन माणसं भांडत भांडत दिगंबर सरांच्या दारात गेली, तर काय झालं ते सर विचारत नाहीत. चष्मा पुसतात आणि म्हणतात, "आधी संमती दाखवा." दोघांच्या सह्यांचा कागद नसेल, तर चहा पाजून परत पाठवतात.

नांदेडच्या एका शाळेत सरांनी एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. पुस्तकात आंतरराष्ट्रीय न्यायालयावर सात ओळी होत्या. सर त्यावर सात तास घेत. जगातलं सगळ्यात मोठं कोर्ट, पण ते कुणालाही समन्स काढून ओढून आणू शकत नाही. दोन्ही देशांनी मान्य केलं तरच त्याला अधिकार. हे सरांना इतकं आवडलं, की निवृत्तीनंतर त्यांनी तेच कोर्ट आमच्या गल्लीत उघडलं.

माझ्या कूलरचं पाणी शिंदेकाकूंच्या पापडांवर पडलं, तेव्हा काकूंनी सही केली आणि मी ऑफिसच्या घाईत तसाच निघून गेलो. सरांनी पाणी पडताना स्वतः पाहिलं होतं. तरी ते म्हणाले, इंगोले चुकलेत हे मला दिसतंय. पण चूक दिसणं वेगळं आणि अधिकार असणं वेगळं. काकू म्हणाल्या, "मग तुमच्यापेक्षा माझं लाटणं बरं. त्याला कुणाची सही लागत न्हाई." मी त्याच संध्याकाळी सही केली.

दर वेळी कागद करावा लागू नये म्हणून सरांनी एक रजिस्टर घातलं. यापुढचे सगळे वाद सरांपुढे चालतील, असं ज्याला मान्य असेल त्यानं आधीच लिहून द्यायचं. चौदा घरांपैकी नऊ घरांनी लिहून दिलं, त्यातल्या सहांनी अटी घातल्या. एकानं 'पार्किंग सोडून', एकानं 'सासू-सुनेचे विषय सोडून', तर एकानं 'मी म्हणेन तेव्हा सही रद्द' असं लिहिलं. मला हा सरांचा अपमान वाटला. सर मात्र खूश. देशही हुबेहूब असंच करतात म्हणाले. सामाईक बोअरचा करार झाला, त्यातही त्यांनी एक कलम घालून घेतलं: यावरून भांडण झाल्यास दिगंबर सरांकडे यावं.

एवढं सगळं करून सरांना ज्याची सही हवी होती, त्याचीच मिळत नव्हती. तो त्यांचा धाकटा भाऊ मारोती. तो लोह्याजवळच्या गावी शेती करतो. सरांचं शेतही तिथेच, वाट्यानं कसणाऱ्या बटईदाराकडे. दोघांच्या शेतांना मिळून एकच विहीर, आणि तिच्या पाण्याच्या पाळीवरून नऊ वर्षं बोलणं बंद. स्वतःच्या भांडणात स्वतः न्यायाधीश होता येत नाही, म्हणून सरांनी मला नेमलं आणि मारोतीला संमतीचा मसुदा पाठवला. दर चार महिन्यांनी एक पत्र. आजवर सत्तावीस. आकडा नक्की आहे, पोस्टात मीच टाकतो. उत्तर एकाचंही नाही.

वहिनी वैतागून म्हणायच्या, सरळ दावा लावा, समन्स निघालं की येईल धावत. सर म्हणायचे, "मला त्याला आणायचं नाही. त्यानं यायला पाहिजे." आणि पुढचं पत्र लिहायला बसायचे.

अठ्ठाविसावं पत्र पोस्टात पडायच्या आत, एका रविवारी दुपारी, मारोती स्वतःच आला. मी तिथेच होतो. त्यानं पिशवीतली सगळी पत्रं दिवाणावर ओतली. एकही फोडलेलं नसेल असं मला वाटलं होतं. सगळी फोडलेली होती.

"दादा, हे बंद कर. पोस्टमन हसून राहिला मला. सारं गाव इचारतंय, तारीख कधी हाय म्हणून."

सर शांतपणे म्हणाले, "इंगोलेसाहेबांनी हे ऐकायला तुझी हरकत आहे का?"

"हरकत गिरकत ठिव बाजूला. आबांनी मला पाच दिवस दिले व्हते. पाच! तुझा बटईदार चार घेतो, आन् माझा ऊस वाळतो."

मग तो बसला आणि चाळीस मिनिटं बोलला. सर माझ्या कानाशी आले. "लिहून घ्या. सही नसली तरी चालतं. हरकत न घेता जो मूळ मुद्द्यावर बोलायला लागतो, त्यानं कोर्ट मानलं असं धरतात. देशांनाही हेच लागू आहे."

हिशोब सोपा होता. वडिलांनी घालून दिलेली पाळी आठ दिवसांची. मारोतीचं शेत पाच एकर, सरांचं तीन. याला गणित म्हणणंसुद्धा जास्त होईल. मारोतीचं बरोबर होतं. मी तोंड उघडलं, तोच सरांनी माझ्या वहीवर हात ठेवला.

"आज निकाल नको. दुसऱ्या बाजूचं म्हणणं पुढच्या रविवारी."

"म्हंजे मला परत यावं लागंल?" मारोतीनं विचारलं.

"तारीख आहे," सर म्हणाले.

मारोती कुरकुरला, वहिनींना पुढच्या वेळी ज्वारीची भाकर करायला सांगितली आणि गेला. पत्रं मात्र पिशवीत भरून परत घेऊन गेला. सर त्याला सोडायला बसस्टँडपर्यंत गेले.

याला आता सहा रविवार झाले. सरांचा बटईदार तीनच दिवस पाणी घेतो. सरांनी त्याला पहिल्याच सोमवारी तसा फोन केला. निकाल माझ्या वहीत तयार आहे. पण कुणी विचारलं तर हिशोब जुळत नाही म्हणून सांगा, असं सरांनी मला बजावलंय. तेवीस वर्षांच्या नोकरीत माझा हिशोब जुळला नाही असं कधी झालेलं नाही. गेल्या रविवारी मारोतीनं विचारलं, तेव्हा मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, अजून जुळत नाही.

त्यानं भाकर मोडली.

"घ्या सावकाश, साहेब," तो म्हणाला. "मला बी घाई न्हाई."