मागे राहणारे

आत्यानं मृत्युपत्रात घर भाच्याला दिलं होतं, आणि भाच्याला त्याची फार निकड होती. त्याच्या घरमालकानं महिनाअखेरपर्यंत खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या होत्या. निम्मं सामान बांधून झालं होतं. एवढ्यात त्याच्या धाकट्या बहिणीला आत्याच्या शिलाई मशीनच्या खणात, रिळांच्या गुंत्याखाली, दुसरं मृत्युपत्र सापडलं.

"दादा, हे नंतरचं आहे. नंतरचंच खरं धरतात."

दोनच ओळी होत्या. आधीचे मृत्युपत्र रद्द. घर माझ्या मागे राहणाऱ्यांनी वाटून घ्यावे.

"म्हणजे आपण दोघं," बहीण म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "बघ, जाता जाता तिला माझी आठवण झाली."

"तिला तुझी आठवण झाली, आणि माझं अर्धं घर गेलं," दादा म्हणाला.

बहीण कामाला पक्की. दादानं उद्या खुसपट काढू नये म्हणून तिनं दोन्ही साक्षीदारांना, डॉक्टरांना आणि इस्त्रीवाल्याला, वकिलांपुढे उभं केलं. 'बाई पूर्ण शुद्धीवर होत्या, माझ्या औषधातल्या चुका काढत होत्या,' असं डॉक्टरांनी लिहून दिलं. मृत्युपत्र असं भक्कम झालं, की ब्रह्मदेवालाही मोडता येऊ नये.

मग घड्याळवाला आला. आत्याच्या मागच्या भिंतीसमोर भाड्याच्या घरात तो आणि त्याची बायको राहत. रोज संध्याकाळी आत्याच्या डोळ्यांत तोच औषध घालायचा, त्यामुळे घराची किल्लीही त्याच्याकडेच होती.

"मागे तर आम्ही राहतो," तो संकोचानं म्हणाला.

वकिलांनी चष्मा काढला.

"अहो, मागे म्हणजे पश्चात!" बहीण ओरडली.

"पश्चात असं त्या कधी बोलल्या नाहीत, ताई. 'मागच्यांना हाक मारा', असंच म्हणायच्या."

इस्त्रीवाल्याला पुन्हा बोलावलं.

"हे सांगताना बाईंनी हात कुठे केला होता?" वकिलांनी विचारलं. "वर, की मागे?"

इस्त्रीवाल्यानं डोळे मिटून आठवलं. "मागे."

घड्याळवाल्यानं मान खाली घातली.

"पण त्या पाठ खाजवत होत्या," इस्त्रीवाला पुढे म्हणाला.

बाहेर आल्यावर बहीण म्हणाली, "दादा, आधीचंच मृत्युपत्र बरं होतं रे."

"ते तू रद्द केलंस."

"आत्यानं केलं. मी फक्त पक्कं केलं." मग तिनं डॉक्टरांना गाठलं. "डॉक्टर, तिला थोडासा तरी भ्रम?"

"तुम्हीच माझ्याकडून लिहून घेतलंय," डॉक्टर म्हणाले.

प्रकरण कोर्टात जाणार, हे ठरलं. तोवर घर बंद ठेवलं तर छप्पर खाली येईल, तेव्हा किल्ली ज्याच्याकडे आहे त्यानंच तिथे राहावं, असं वकिलांनी सुचवलं. घड्याळवाला बिऱ्हाड घेऊन पुढे राहायला आला. त्याची मागची जागा रिकामी झाली, इकडे महिनाही संपला.

"घेऊन टाका ती," भाच्याची बायको म्हणाली. "निदान घरावर नजर तरी राहील."

पहिल्या सकाळी भाचा खिडकीशी दात घासत उभा होता. समोर आत्याची भिंत. तिच्यावर कोवळं ऊन हळूहळू उतरत होतं, लेक माहेरी आल्यासारखं. ब्रश तोंडातच थांबला. भिंत तीच होती. आता तिच्या मागे तो राहत होता.

"मागे म्हणजे मागे," पुढच्या बैठकीत तो वकिलांना म्हणाला. "साधा शब्द आहे. आत्या साधी बाई होती. आणि 'राहणारे' लिहिलंय, कधी राहणारे ते लिहिलेलं नाही."

"असं कसं, साहेब?" घड्याळवाला म्हणाला. "माणूस गेल्यावर त्याच्या मागे कोण राहतं? संध्याकाळी औषधाची वेळ झाली की ज्याचा हात अजून बाटलीकडे जातो, तो."

मग वकिलांनी दोघांचे जुने जबाब काढले, मजकूर तसाच ठेवला आणि वरची नावं तेवढी बदलली.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "तुझ्या मागे कोण राहतं रे?"

"का गं?"

"जागा सोडणार आहेत का, विचारून ठेव ना. तेही मागेच झालं."

भाच्यानं फोन ठेवला आणि मागची खिडकी लावून घेतली.