गोविंदरावांची खास बाब

आमचे शेजारी गोविंदराव गवताला नोटीस बजावत.

डहाणूच्या कचेरीत ते अव्वल कारकून, मी शाळामास्तर. आमच्या बिऱ्हाडांमागे पाचेक गुंठ्यांचा तुकडा ओसाड पडला होता. घाणेरी, टाकळा आणि पुरुषभर गवत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गोविंदराव कोट-टोपी घालून त्या रानासमोर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सात दिवसांच्या आत जागा खाली करावी. सबब चालणार नाही."

मी खिडकीत चहा पीत होतो. तो सांडला.

आठव्या दिवशी ते कोयता घेऊन आले. "मुदत संपली!" म्हणून त्यांनी पहिला घाव घातला, तो स्वतःच्या धोतरावर. गंजाडहून डोक्यावर मोळी घेऊन येणारी देवकी बांधावर थांबून हे पाहत होती. ती म्हणाली, "सायेब, बोलून गवत नाय मरत. मुलासकट काढा. कुदल घ्या."

"तोंडी सूचना नोंदवली," गोविंदराव म्हणाले आणि खरंच माझ्याकडे कुदळ मागायला आले. माझ्याकडे कुदळ कुठली? मी आयुष्यात खडूपेक्षा जड काही उचललेलं नाही.

हसू येई, पण हसवत नसे. कारण आम्हाला ठाऊक होतं. वहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, वर्षभरापासून क्षयाच्या आरोग्यधामात होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, "घरामागचं रान आणि डास गेले, ताजी भाजी मिळाली, तरच घरी पाठवीन." गोविंदराव मात्र विचारणाऱ्याला सांगत, "सापांचा बंदोबस्त करतोय."

महिन्याभरात जमीन दिसू लागली. देवकीनं वाफे कसे पाडायचे ते दाखवलं आणि वालाचं बी दिलं. मग कचेरीच मळ्यात आली. प्रत्येक वाफ्यावर पाटी: 'वांगी – कायम'. 'भेंडी – हंगामी'. सकाळी हजेरी. वेल चढेना म्हणून दोडक्याला 'कारणे दाखवा', आणि सावलीत खुरटलेल्या मिरचीची विहिरीकडे बदली. गंमत म्हणजे बदली मानवली. मिरची अशी लगडली की तिनं आळीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढलं.

पौषात वहिनींचं पत्र आलं. त्यातली एक ओळ ते आम्हाला दहा वेळा वाचून दाखवत: 'मी आले की मला मोगरी हवी हं.'

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बोर्डीहून मोगऱ्याचं रोप आणलं आणि सगळ्यांत चांगल्या उन्हाच्या, पाण्याच्या वाफ्यात लावलं. देवकीला ते पटेना. "ही कंची भाजी? इथं वांगी झाली असती."

"खास बाब म्हणून मंजूर," गोविंदराव म्हणाले.

चैत्रात टांगा दाराशी आला. वहिनी उतरल्या. अंग भरलं होतं. गोविंदरावांनी त्यांना घरातसुद्धा शिरू दिलं नाही, थेट मळ्यात नेलं. आम्ही आपले मागोमाग. दुधी, भेंडी, गवार ओलांडून ते कळ्यांनी भरलेल्या झाडापाशी थांबले.

"ही तुझी मोगरी."

वहिनी झाडाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, हा मोगरा! मोगरी म्हणजे मुळ्याच्या शेंगा! आमच्या उंबरगावला सगळे मोगरीच म्हणतात. मला भाजी खायची होती हो!"

गोविंदराव वाईचे. वहिनींच्या माहेरच्या गुजरातीशी त्यांचा संबंध कचेरीतल्या अर्जांपुरता, आणि अर्जात शेंगा येत नाहीत. वहिनी हसू लागल्या. पदर तोंडाला लावून, वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आम्हीही हसलो.

गोविंदराव तेवढे हसत नव्हते. मान कलती करून ते ऐकत होते. आरोग्यधामात जाण्यापूर्वी दोन वाक्यं बोलल्या तरी वहिनींना खोकल्याची उबळ यायची. त्यांचं हसणं थांबलं. खोकला आला नाही. गोविंदराव आणखी थोडा वेळ थांबले, मग बांधावर मटकन बसले आणि टोपीत तोंड लपवून रडले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"पुढच्या वर्षी मुळा लावू," टोपीतूनच ते म्हणाले. दीड वर्षात पुढच्या वर्षाचं नाव त्यांनी पहिल्यांदाच काढलं.

"लावा," वहिनी शेजारी बसत म्हणाल्या, "दोन वाफे लावा."